संवेगाचे कर्ज

हेल्मेटसक्तीचा विषय निघाला, की पुण्यात एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो : ‘शहरातल्या वेगाला शिरस्त्राण कशाला?’ प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. तरीही या प्रश्नाचे उत्तर प्राथमिक पदार्थविज्ञानातच आहे, हे नमूद करणे त्याला भाग आहे.

वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. गतिमान वस्तू थांबताना तो शून्य व्हावाच लागतो. हे एक कर्जच होय. त्यात सूट नाही. फेड एकरकमी करावयाची की हप्त्यांनी, एवढाच प्रश्न उरतो. बल आणि काळ यांचा गुणाकार म्हणजे आवेग. तो तेवढाच राहतो. म्हणून थांबण्याचा काळ चौपट झाला, तर सरासरी बल एक चतुर्थांश होते. शिरस्त्राणातील फोमचा थर चेपत जाऊन हा काळ वाढवितो. हनुवटीखालचा पट्टा न बांधणाऱ्यास मात्र या सवलतीची हमी नाही.

आता ‘कमी वेगा’विषयी. दीड मीटर उंचीवरून पडलेले डोके ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळते. वाहन उभे असले तरी! २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ चालक व सहप्रवासी रस्ते-अपघातांत मृत्युमुखी पडले, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. हेल्मेटने ते सर्वच वाचले असते, असे नाही. परंतु जे कर्ज कवटीने एकरकमी फेडले, त्याचे व्याज घरची माणसे जन्मभर भरीत राहतात. ‘डोके माझे, निर्णय माझा’ म्हणणाऱ्यांनी या जामीनदारांना एकदा विचारून पाहावे.