प्रवेशाचे दुसरे दार

बारावीच्या गुणांवरून विद्यार्थ्याची बौद्धिक उंची कायमची ठरवून टाकण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. त्या वर्षी नामांकित संस्थेत ज्याला जागा मिळाली नाही, त्याने पुढे तालुक्याच्या महाविद्यालयात कितीही उत्तम अभ्यास केला, तरी तेथील पदवीवर्गाचे दार त्याच्यासाठी सहसा पुन्हा उघडत नाही. ही रीत अटळ नाही, असे आमचे मत आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९६० मध्ये उच्च शिक्षणाचा बृहत् आराखडा स्वीकारला. कॅलिफोर्निया विद्यापीठात थेट प्रवेशाची पात्रता शालेय विद्यार्थ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांपुरती ठेवली. परंतु कम्युनिटी कॉलेजे सर्वांना खुली राहिली. तेथे दोन वर्षे नेटाने अभ्यास करणाऱ्यास विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाता येते. दिवसा नोकरी करून सायंकाळी शिकणारे कित्येक जण याच वाटेने बर्कली व लॉस एंजेलिस येथे पोहोचले आहेत.

हे साधले ते दयाबुद्धीने नव्हे, चोख व्यवस्थेने. कॉलेजातील कोणता विषय विद्यापीठातील कोणत्या विषयाच्या तोडीचा, हे आधीच लेखी ठरलेले असते आणि कोणालाही पाहता येते. गुणांची कसोटी मात्र कडकच असते. तरीही पैसा, नोकरी आणि योग्य सल्ल्याचा अभाव यांमुळे अनेक जण वाटेतच थांबतात. म्हणजे दार असून भागत नाही, तिथवर नेणारा हातही लागतो.

प्रिन्स्टन या ख्यातनाम विद्यापीठाने असा प्रवेश जवळजवळ तीन दशके बंद ठेवला आणि २०१८ मध्ये पुन्हा सुरू केला. मधल्या काळात लायक विद्यार्थी नव्हते काय? होते, उणीव होती ती संस्थेच्या इच्छेची.

हा विचार आपल्याला परका नाही. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय स्थापन करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नोकरदार विद्यार्थ्यांसाठी सकाळच्या वर्गांची सोय केली. आजही पदविकाधारकांना अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने श्रेयांक साठवण्याची सोयही मांडली आहे. पण श्रेयांक साठवणे वेगळे आणि नामांकित संस्थेने त्यांच्या बळावर जागा देणे वेगळे.

आमच्या शाळेतील अनेक मुलांच्या घरी महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी आहे. सतराव्या वर्षीची त्यांची गुणपत्रिका त्यांच्या बुद्धीइतकीच त्यांच्या परिस्थितीचीही नोंद असते. म्हणून प्रत्येक नामांकित संस्थेने कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या पुढील वर्षांत काही जागा अशा विद्यार्थ्यांसाठी ठेवाव्यात आणि विषयांची समकक्षता आधीच जाहीर करावी. आमचे विद्यार्थी कसोटीला भीत नाहीत. ती पुन्हा देण्याची संधी त्यांना मिळावी, एवढीच आमची मागणी आहे.