कागदी फितीची साक्ष

जालना एमआयडीसीत भंगाराचा ट्रक वजनकाट्यावर चढतो, आकडा स्थिरावतो आणि छोटे यंत्र पावती बाहेर टाकते. आकडा दोघांनीही डोळ्यांनी पाहिलेला असतो. तरी विकणारा व घेणारा दोघेही पावतीसाठी हात पुढे करतात. कागदाचा हा आग्रह पाहून आम्हांस तारयंत्र आठवते.

सॅम्युअल मोर्सच्या १८४४ च्या यंत्रात घड्याळासारख्या चक्रांवर कागदाची फीत सरकत असे. तारेतून प्रवाह आला की विद्युतचुंबक तरफ ओढी आणि तिच्या टोकाची बोथट पोलादी सुई फितीवर खाच उमटवी. क्षणभराचा प्रवाह म्हणजे बिंदू, लांबलेला म्हणजे रेघ. (शाई नंतर आली.) मोर्सला संदेश नोंदवायचा होता, ऐकवायचा नव्हता. पण कारकुनांचे कान यंत्राहून चलाख निघाले. तरफेच्या कडकट्टातूनच त्यांना मजकूर उमगू लागला. अमेरिकेतील काही कंपन्यांनी ऐकून लिहिण्यास आरंभी मनाई केली, परंतु वेग व काटकसर यांपुढे ती टिकली नाही. फीत नसलेला साउंडर आला आणि आपल्याकडील तारघरांतही तोच वाजत राहिला.

यास सरसकट प्रगती म्हणण्याची रीत आहे. आम्हांस ती मान्य नाही. फितीवर खाच असेल, तर चूक पाठवणाऱ्याची की लिहून घेणाऱ्याची, हे निदान पडताळता येई. फीत गेल्यावर कारकुनाचा शब्द तेवढा उरला, आणि वरिष्ठांपुढे कारकुनाच्या शब्दाचे मोल ते किती!

समुद्री केबलींनी मात्र उलट वाट धरली. लांबवरून येणारा प्रवाह इतका क्षीण, की तरफ हलेना. मग आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका एकाने पाहायचा व दुसऱ्याने लिहायचे. विल्यम थॉमसनने १८६७ साली पेटंट घेतलेल्या सायफन रेकॉर्डरने ही कसरत संपवली: चुंबकात टांगलेले हलके वेटोळे, त्यास जोडलेली केसासारखी काचेची नळी, आणि फितीवर शाईची नागमोडी रेघ. एडनमार्गे मुंबई १८७० मध्ये लंडनशी जोडली गेली, त्या केबलमार्गावर हे यंत्र वापरात आले.

आज वजनाची पावती पुष्कळदा थर्मल कागदावर येते. तो उन्हात काळवंडतो, खिशात पुसट होतो. हिशेबाचा तंटा उपस्थित होईपर्यंत आकडा उरतोच असे नाही. तेव्हा काट्यावर निदान एक प्रत शाईची निघावी, आणि ती भंगार आणणाऱ्याच्या हाती पडावी.