बदलीच्या निमित्ताने: आमच्या धर्मग्रामाचे मागणीपत्र

प्रति: आदरणीय बिशप महोदय, आणि नुकतेच रुजू झालेले आमचे प्रमुख धर्मगुरू
यांजकडून: धर्मग्रामातील प्रापंचिकांची संघटना, तालुका वसई



आमच्या आधीच्या फादरांच्या मोबाइलमध्ये एक यादी होती. अंथरुणाला खिळलेल्या आजाऱ्यांची. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ते स्कूटर काढून त्या घरांत ख्रिस्तप्रसाद नेत. त्यांची बदली झाली, निरोपसमारंभात आम्ही रडलो, शाल दिली, फोटो काढले, आणि मोबाइलबरोबर यादीही गेली. नव्या फादरांना कोणी काही सांगितले नाही, आम्हीही ‘चालू असेल’ असे गृहीत धरले. पुढे एका आजीच्या मयताच्या दिवशी सुनेने विचारले, “सासूबाई तीन महिने वाट बघत होत्या, कोणीच कसे आले नाही?” हे मागणीपत्र त्या प्रश्नातून निघाले आहे.

बदलीला आमचा विरोध नाही. एकच धर्मगुरू वीस वर्षे राहिले तर धर्मग्राम त्यांच्या नावाचा होऊन बसतो, हे आम्ही जाणतो. पण एका फादरांनी मुलांसाठी रात्रीची अभ्यासिका काढली, दुसऱ्यांनी ती बंद करून हॉल लग्नांना दिला, तिसऱ्यांनी लग्ने थांबवून युवकांची शिबिरे भरवली. तिघेही कष्टाळू, तिघांचाही हेतू चांगला. आम्ही मात्र दर वेळी पाटी पुसून नव्याने मुळाक्षरे गिरवली.

हे वसईत व्हावे, याचे नवल वाटते. इथल्या कॅथलिकांनी 1918 साली सहकारी बँक उभी केली. तिच्या सर्वसाधारण सभेत केळी-भाजीवाला बागायतदारसुद्धा उभा राहून ताळेबंदावर प्रश्न विचारतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंबरोबर हरित वसईसाठी रस्त्यावर उतरलेली माणसे आजही आमच्यात आहेत. हीच माणसे चर्चच्या आवारात शिरली की ‘फादर म्हणतील तसे’ म्हणून मोकळी होतात. याला श्रद्धा म्हणावे की आळस, असे आम्ही स्वतःला विचारून पाहिले. उत्तर फारसे सुखाचे नव्हते.

बोलण्याचा आमचा अधिकार आम्ही कल्पनेतून काढलेला नाही. ख्रिस्तसभेच्या भल्याबद्दलचे आपले मत धर्मपालांना सांगणे हा श्रद्धावंतांचा हक्क आहे आणि प्रसंगी कर्तव्यही, असे 1983 च्या कॅनन लॉचे कलम 212 सांगते. त्या आधारे पुढील मागण्या.

पहिली मागणी लेखी हस्तांतरणाची. जाणारे आणि येणारे धर्मगुरू यांनी धर्मग्रामाच्या पालकीय परिषदेसमोर बसून चालू कामे, देणी-घेणी, आजाऱ्यांची व एकट्या वृद्धांची यादी, अर्धवट राहिलेली बांधकामे हे सारे कागदावर सोपवावे. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यूची रजिस्टरे ठेवणे कलम 535 ने बंधनकारक आहे, म्हणून पणजोबांचा बाप्तिस्मा आम्हांला आजही सापडतो. गेल्या वर्षीचे आजारी मात्र सापडत नाहीत. शिवाय नवा प्रमुख धर्मगुरू नेमताना गरजेप्रमाणे प्रापंचिकांचेही ऐकून घेण्याची तरतूद कलम 524 मध्ये आहे. माणूस निवडण्याचा हक्क आम्ही मागत नाही. धर्मग्रामाला कशाची गरज आहे, एवढे आधी विचारले जावे.

दुसरी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची मागणी परिषदेची. पालकीय परिषदेचे मत सल्ल्यापुरते असते, अध्यक्ष प्रमुख धर्मगुरूच असतात. कलम 536 स्पष्ट आहे आणि ते आम्हांला मान्य आहे. पण सल्ला द्यायचा तर आधी तो विचारला तरी गेला पाहिजे. नाताळच्या तयारीपुरती बोलावलेली बैठक म्हणजे परिषद नव्हे. ऑक्टोबर 2024 मध्ये रोमला संपलेल्या बिशपांच्या सिनडने अशा परिषदा बंधनकारक कराव्यात, त्या नावापुरत्या राहू नयेत, असा आग्रह धरला आणि पोप फ्रान्सिस यांनी तो अंतिम दस्तऐवज लगेच मान्य केला. म्हणून दर दोन महिन्यांनी बैठक व्हावी, इतिवृत्त सूचनाफलकावर लागावे, आणि परिषदेचा सल्ला फादरांना मानता आला नाही तर त्याचे कारण त्यात दोन ओळींत नोंदवले जावे. सदस्य छोट्या ख्रिस्ती समूहांतून निवडून यावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि सलग दोन मुदतींनंतर प्रत्येकाने बाजूला व्हावे. ही शेवटची अट आमच्यावरच आहे. काही खुर्च्यांवर फादरांपेक्षाही जुनी माणसे बसली आहेत. बदली त्यांचीही व्हावी.

निवडणूक घेतली की चर्चमध्ये पालिकेचे राजकारण शिरेल, अशी भीती आम्हांला वडीलधाऱ्यांनी घातली. ती खोटी नाही. राजकीय पक्षाच्या पदाधिकाऱ्याला परिषदेत जागा नसावी, हा नियम आम्हीच सुचवतो. पण गट आजही आहेतच. मिस्सा मराठीत होते आणि नंतर फाटकाबाहेरची भांडणे आमच्या कादोडी बोलीत. ती टेबलाभोवती झाली तर निदान त्यांचे इतिवृत्त तरी लिहिता येईल.

तिसरी मागणी पैशांची, आणि ती थोडक्यात. प्रत्येक धर्मग्रामाला वित्त समिती असलीच पाहिजे (कलम 537) आणि श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना द्यायचा असतो (कलम 1287). वर्षातून एकदा तो रविवारच्या मिस्सेनंतर वाचून दाखवावा.

चौथी मागणी सेवाकार्य वाटून घेण्याची. जानेवारी 2021 पासून वाचक आणि वेदीसेवक ही नेमणुकीची पदे स्त्रियांनाही खुली झाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात धर्मशिक्षकाची सेवा अधिकृत पद ठरली. आमच्याकडे धर्मशिक्षणाचा सगळा भार वर्षानुवर्षे बायका आणि सिस्टर वाहत आहेत, पण कुठल्या वर्गात काय शिकवायचे हे ठरवताना त्यांना कोणी बोलावत नाही. योग्य व्यक्तींना रीतसर प्रशिक्षण द्यावे आणि बिशप महोदयांनी त्यांची नेमणूक करावी. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद नेण्याची परवानगी प्रत्येक समूहातील दोघांना मिळावी. हॉलच्या चाव्या, प्लंबर, मंडपवाला हे सारे फादरांच्या डोक्यावरून उतरवायला आम्ही तयार आहोत. पापनिवेदन ऐकायला त्यांच्याशिवाय दुसरे कोणी नाही. टाकी कुणीही दुरुस्त करून घेईल.

पाचवी मागणी पाच वर्षांच्या लेखी आराखड्याची, बदलीनंतरही टिकणाऱ्या. वाड्या जाऊन टॉवर आले. तिथे राहायला आलेल्या कॅथलिकांना कोंकणी, मल्याळम किंवा हिंदी येते, मराठी मिस्सेत ते मागच्या बाकावर अवघडून बसतात. त्यांच्यासाठी काय, हे ठरले पाहिजे. आमची मुले परदेशी गेली, मोठाल्या घरांत म्हातारी माणसे एकटी राहतात. दफनभूमीत जागा कमी पडते आहे, हा विषय मयताच्या दिवशी निघतो आणि दुसऱ्या दिवशी विसरला जातो. सिनडच्या निर्णयांची अंमलबजावणी कुठवर आली हे पाहायला ऑक्टोबर 2028 मध्ये रोमला सभा भरणार आहे. त्याआधी आमच्या धर्मग्रामाकडे सांगण्यासारखे काही असावे, अशी इच्छा आहे.

या मागण्यांवर बोलण्यासाठी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपूर्वी एक संध्याकाळ द्यावी, ही विनंती. तोवर आम्ही थांबलेलो नाही. समूहांतील बहिणींनी दारोदार जाऊन आजाऱ्यांची नवी यादी केली आहे, ती सोबत जोडली आहे. नावे अकारविल्हे नाहीत. ज्यांच्याकडे लवकर जायला हवे, ती वर आहेत.