गाडीत चूल नको, संडास हवा

महाराष्ट्र सरकारने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. केरळनेही त्याच वर्षी आणले. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर: पलंग, बेसिन, शेगडी, फ्रिज, संडास सगळे आत. अमेरिकेत याला आर.व्ही. म्हणतात. तिथले कितीतरी निवृत्त लोक हिवाळा लागला की बर्फाची राज्ये सोडून अशा गाडीतून अ‍ॅरिझोना, फ्लोरिडाकडे उतरतात. मी पाहिलेल्या जाहिरातींत या गाडीचे सर्वात जास्त कौतुक असते ते ओट्याचे. जाल तिथे घरचे जेवण!

आमच्या घरांत ही गाडी फार आधीपासून आहे. तिचे नाव सतरा सीटर. मागच्या बाकाखाली सिलिंडर, वर पातेली, तांदळाची गोणी, मसाल्याचे डबे. गेल्या डिसेंबरात नाताळची सुट्टी आणि चार किरकोळ रजा जोडून आम्ही चौदा जण सोलापूरहून अजमेरला गेलो. बीड, धुळे, इंदूर, कोटा असा 52 क्रमांकाचा महामार्ग धरायचा आणि पुढे अजमेरकडे वळायचे. जाऊन-येऊन अडीच हजार किलोमीटरच्या आसपास. (दर्ग्याला जावे की नाही, हा वाद कृपया इथे नको.)

प्रवासात आम्ही कसर पढत होतो. आमच्या हनफी पद्धतीत साधारण 77-78 किलोमीटरच्या पुढचा प्रवास असेल आणि एका जागी पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल, तर जोहर, असर आणि इशाच्या चार फर्ज रकातींच्या दोन होतात. रोजा पुढे ढकलता येतो. थंडीत वजूच्या वेळी चामडी मोजे न काढता त्यांवर ओला हात फिरवायची मुभा घरी एक दिवस-रात्र, पण मुसाफिराला तीन दिवस-रात्र. पाणीच नसेल तर तयम्मुम. शरियतने मुसाफिराचा किती बारीक विचार केला आहे! प्रवासात माणूस थकतो, हे तिने गृहीत धरले आहे.

पण आमच्या घरांनी ते बाईच्या बाबतीत गृहीत धरलेले नाही. राजस्थानात शिरल्यावर बोटे वळत नव्हती. पुरुषांनी दोन रकाती पढल्या आणि शाल ओढून ते शेकोटीला बसले. आम्हीही दोनच पढलो, आणि वाचलेल्या वेळात कांदा चिरला. ‘भाभी, चाय होती क्या?’ हा प्रश्न आठ दिवसांत किती वेळा आला ते मी मोजले नाही. मी वर्गात उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. ‘सफर’ हा शब्द दोन्हींत आहे. उर्दूत तो नुसता प्रवास, मराठीत त्याला मौजेचा वास लागला. आमच्या भांड्यांना मात्र खरकट्याचाच वास होता.

याला ठरलेली उत्तरे आहेत. पहिले, हलालची खात्री नसते. मग आठ दिवस डाळ-रोटी खा. इंदूरचे पोहे-जिलबी खा, कोट्याची कचोरी खा. मटणावाचून ईमान जात नाही. दुसरे उत्तर खर्चाचे, आणि ते मी हसण्यावारी नेणार नाही. ढाब्यावर ताटाला दीडशे धरले तरी चौदा जणांचे एका वेळचे एकवीसशे होतात. आमच्यासारख्यांना दोन्ही वेळा हे झेपत नाही. पण सोलापूरकरांनी तरी हे सांगू नये. कडक भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते, शेंगाचटणी टिकते, दोन्ही दुकानात विकत मिळतात. दही वाटेत मिळते. एक वेळ ते, एक वेळ ढाबा.

आणि रांधायचेच असेल तर पुरुषांनी रांधावे. लग्नात पाचशे माणसांची बिर्याणी बावर्ची करतो, तो पुरुषच असतो. अजमेरला मोठी देग अकबराने दिली, छोटी जहांगीरने. त्यांतला गोड भात पुरुषच शिजवतात. पैगंबर (स.) घरात असत तेव्हा घरच्यांच्या कामाला हात लावत, हे हजरत आयेशांनी सांगितलेले आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. मग ते गाडीत का आठवत नाही?

सिलिंडरचा धोका तर वेगळाच. 2023 च्या ऑगस्टमध्ये मदुराईला यात्रेकरूंच्या रेल्वे डब्यात आत नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि माणसे गेली. आपण मात्र सिलिंडरवर पोरे बसवतो.

त्या कॅराव्हॅनमधली एकच गोष्ट मला हवी आहे, आणि ती ओट्यामागे कुठेतरी असते. थंडीत लघवीला जास्त वेळा लागते. पुरुष गाडी थांबवून रस्त्याकडेला जातात. आम्ही दुपारपासून पाणी पिणे बंद करतो. माझ्या सासूबाईंना साखरेचा आजार आहे, त्यांना ते बंद करून चालत नाही. एका पंपावर संडासाला कुलूप होते आणि चावी मालकाच्या घरी. रात्री अकराला दोन सुनांनी चादर धरली, तेव्हा त्या उसाच्या फडाआड बसल्या. परतताना त्यांना जळजळ आणि ताप. यावर गाडीत कोणी चर्चा केली नाही. रस्सा पातळ झाला यावर मात्र बीड येईपर्यंत चालली.

येत्या डिसेंबरात विजापूर, गुलबर्गा, बीदर ठरते आहे. शेगडी घरी राहील, हे मी दिरांना सांगितले आहे. त्या वाटेवर रात्रीही उघडा असणारा, पाणी आणि आतून कडी असलेला बायकांचा संडास कुठल्या पंपावर आहे, हे कोणाला माहीत असेल तर कळवा. मी यादी करते आहे.