आकड्याकडून नावाकडे

पश्चिम महाराष्ट्रातील काही गावांत आजही एक लहानसा दगडी फलक आढळतो. या गावातून इतके लोक 1914 ते 1919 च्या महायुद्धावर गेले आणि त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच मजकूर त्यावर कोरलेला असतो. गेलेल्यांचा आकडा, मेलेल्यांचा आकडा. नाव मात्र एकही नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचा 46 हा आकडा अनेकांना ठाऊक असतो, त्या 46 जणांची नावे किती जण सांगू शकतील? अलीकडे अशा घरांतील नातवंडे-पतवंडे आपल्या पूर्वजाच्या लष्करी सेवेचा माग काढू लागली आहेत. मराठीच्या अभ्यासकांनी या शोधाकडे केवळ कौटुंबिक हौस म्हणून पाहू नये, तो आपल्या वाङ्मयव्यवहाराशी थेट निगडित आहे, असे आमचे मत आहे.

नाव आणि आकडा यांतील हा भेद योगायोगाने पडलेला नाही. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या होत्या. डिसेंबर 1915 मध्ये सुरू झालेला तो वेढा 29 एप्रिल 1916 रोजी शरणागतीने संपला आणि उरलेल्यांच्या वाट्याला तुर्की कैद आली. त्या मोहिमेतील मृतांसाठी बसरा येथे स्मारक उभारले गेले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे आली, भारतीय अधिकाऱ्यांचीही आली; साध्या भारतीय शिपायांसाठी पलटणीच्या नावाखाली मृतांची संख्या पुरेशी मानली गेली. युद्धसमाधींची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाने 2021 मध्ये या विषमतेची कबुली देऊन माफी मागितली. नावे नोंदवहीत होती, पण दगडावर कोरण्याच्या योग्यतेची ती ठरली नाहीत. नोंद असणे आणि स्मरण असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात यावे.

शोध घेणाऱ्या कुटुंबापुढची पहिली अडचण भाषेची असते. घरात ज्याला 'तात्या' किंवा 'बाबा' म्हणत, तो कागदोपत्री रोमन लिपीत, पलटणीच्या कारकुनाला जसा ऐकू आला तसा उतरलेला असतो. खुद्द व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नामदेव जाधव यांचे आडनावही रोमन लिपीत दोन तऱ्हांनी लिहिलेले आढळते. मग अनामिक शिपायाची काय कथा! म्हणून जाणकार सांगतात, की नावापेक्षा शिपाई क्रमांक आणि पलटण शोधा. पहिल्या महायुद्धातील पदकाच्या कडेवर हा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असे. परंतु ते पदक चांदीचे असल्याने अडचणीच्या वर्षी सोनाराकडे गेले असेल, तर कुटुंबाचा पुरावाच वितळला असे समजावे. घरातील त्या काळचे कागद मोडीत असतील, तर ते वाचू शकणारा घरात उरलेला नसतो. आजोबांचा कागद हाती आहे, पण तो आपल्याला वाचता येत नाही, हे दारिद्र्य कोणत्या प्रकारचे म्हणावे?

दुसरी अडचण साहित्याच्या विद्यार्थ्याला अधिक जवळची वाटेल. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये असलेल्या भारतीय सैनिकांची पत्रे तपासणी विभाग उघडून वाचत असे. त्यांतील निवडक उतारे इंग्रजीत भाषांतरित होऊन अहवालांत गेले आणि लंडनच्या ग्रंथालयात सुरक्षित राहिले. मूळ पत्रे बहुतांशी हरवली. शिवाय निरक्षर शिपाई पत्र दुसऱ्याकडून लिहवून घेई, आणि तपासणी होते हे कळल्यावर आडून बोलू लागे. म्हणजे आज हाती येतो तो शब्द सांगणारा, लिहिणारा, तपासणारा आणि भाषांतरकार अशा चौघांच्या हातून गेलेला असतो. त्यात शिपायाचा आवाज कुठे आहे, हा प्रश्न इतिहासाचा तितकाच संहिताचिकित्सेचाही आहे. पाठभेदांवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या आपल्या विभागांना तो परका वाटण्याचे कारण नाही.

मात्र या शोधाचा आजचा उत्साह बहुतेक वेळा वीरगाथेकडे झुकतो, आणि येथे आमचा मतभेद आहे. 10 जुलै 1944 रोजी इटलीत धारातीर्थी पडलेल्या यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ मोन्तोने येथे 2023 मध्ये स्मारक उभे राहिले, हे उचितच झाले. पण प्रत्येक कागदातून घाडगे निघत नाहीत. जून 1942 मध्ये टोब्रुक पडले तेव्हा मराठा पलटणीतले जवान कैद झाले. त्यांच्या नातवंडांना 'युद्धकैदी' हा शब्द वाचावा लागतो. कोणाच्या कागदावर 'आजाराने मृत्यू' एवढेच असते. महार सैनिकांच्या घराण्यांची कहाणी तर आणखी बोचरी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची भरती थांबवण्यात आली. युद्धाची निकड भासताच 1917 मध्ये 111वी महार पलटण उभारली गेली आणि 1921 मध्ये ती विसर्जितही झाली. महार रेजिमेंट उभी राहण्यास 1941 उजाडावे लागले. अशा घरात शोध लागतो तो केवळ पराक्रमाचा नव्हे, गरजेपुरता मान देऊन तो काढून घेणाऱ्या व्यवस्थेचाही लागतो. हे सत्य पचवण्याची तयारी नसेल, तर शोधाचे रूपांतर वंशावळीच्या सजावटीत होते.

दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी लढलेल्यांचा अभिमान कसला, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो गंभीर आहे, पण स्मरण म्हणजे गौरव नव्हे. पोटासाठी, रूढीसाठी किंवा केवळ गावातील चार जण गेले म्हणून जो गेला, त्याच्या जाण्याचा अर्थ लावण्याआधी तो गेला होता हे नाव घेऊन सांगता आले पाहिजे.

महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी यात भाग घ्यावा, अशी आमची सूचना आहे. विद्यार्थी गावोगावचे असतात. मोडीचे वाचन, वृद्धांच्या आठवणींचे ध्वनिमुद्रण, निवृत्तिवेतनाच्या कागदांची प्रत करणे, ही कामे एका प्रकल्पात बसणारी आहेत. सांगणाऱ्याची बोली जशीच्या तशी ठेवावी, तिला प्रमाण भाषेचा मुलामा देऊ नये. त्या शिपायाची विधवा शेवटपर्यंत कोणत्या शब्दांत त्याच्याविषयी बोलत होती, हे सरकारी दप्तरात सापडणार नाही. ते ज्यांनी ऐकले, तेही आता ऐंशीच्या पुढे गेले आहेत.