टूथपेस्ट स्वस्त, बिस्किटही स्वस्त

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले. टूथपेस्ट आणि टूथब्रशवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, दंतमंजनावरचा १२ वरून ५ वर. दात घासण्याचे साहित्य स्वस्त झाले, हे चांगलेच झाले. पण त्याच यादीत आणखी काही नावे आहेत. बिस्किटे आणि चॉकलेट १८ वरून ५ टक्क्यांवर, साखरेच्या गोळ्या आणि पाकीटबंद फरसाण १२ वरून ५ टक्क्यांवर. फेसाळ गोड पेयांवर मात्र ४० टक्के कर आहे. तोही नवा भार नाही. आधीचा २८ टक्के कर आणि १२ टक्के उपकर मिळून तेवढाच होत होता. म्हणजे दात राखणारी वस्तू आणि दात किडवणारी वस्तू एकाच दिवशी एकाच दरावर आल्या. कर्जत-खालापूरच्या डोंगराकडेच्या वाडीत, तिथल्या एकुलत्या एका दुकानात, यातली कोणती जास्त खपते हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

मी दंतवैद्य नाही. सरकारी रुग्णालयात आमच्याकडे मुले येतात ती ताप, खोकला, जुलाब घेऊन किंवा ‘जेवत नाही’, ‘अंगी लागत नाही’ अशा तक्रारींसाठी. ‘आ कर’ म्हणून आम्ही तोंडात बॅटरी मारतो ती घसा पाहण्यासाठी. वाटेत दात लागतात, पण तिथे नजर थांबवायची सवय आम्हा डॉक्टरांना फारशी नसते. मलाही ती उशिरा लागली, आणि ती एका मुलीमुळे लागली.

खालापूरकडच्या एका वाडीवरची ती मुलगी पाच-सहा वर्षांची. वजन कमी म्हणून दोनदा आली. दोन्ही वेळा मी जंताचे औषध आणि टॉनिक देऊन परत पाठवली. तिसऱ्या खेपेला सोबत आजी होती. ती म्हणाली, “डॉक्टर, भाकर च्यात बुडवून दिली तरी एकाच अंगानं चावते. रातची रडत उठते.” मग मी दात पाहिले. खालच्या दोन दाढांना खड्डे होते, एकीच्या मुळाशी हिरडीवर पुवाची पुळी. त्या मुलीला भूक लागत होती, पण तिला चावता येत नव्हते. दोन वेळा माझ्या हातात बॅटरी असून मी ते पाहिले नव्हते.

दातदुखीला आपण किरकोळ दुखणे समजतो. लहान मूल ‘दाढ दुखते’ असे नेमके सांगत नाही. ते घास तोंडात धरून ठेवते, कडक पदार्थ टाळते, रात्री नीट झोपत नाही, सकाळी चिडचिड करते, शाळेत पेंगते. आई म्हणते हट्टी आहे, गुरुजी म्हणतात लक्ष नाही. फिलिपिन्समध्ये २००६ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत सहा वर्षांच्या ९७ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले. त्याच पाहणीतल्या बारा वर्षांच्या मुलांमध्ये, ज्यांची कीड दाताच्या नसेपर्यंत पोहोचली होती त्यांचे वजन उंचीच्या मानाने कमी असण्याचे प्रमाण जास्त होते. कुपोषणाची कारणे अनेक असतात. दात हे त्यातले एकच. पण कुपोषित मुलाचे वजन, उंची, दंडाचा घेर आपण मोजतो आणि तोंड तपासत नाही, ही त्रुटी सहज दूर होण्यासारखी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात ५१ कोटींहून जास्त मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत.

‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ हे वाक्य आमच्या ओपीडीत रोज ऐकू येते. वीस दुधाच्या दातांपैकी मागच्या दाढा पडायला दहा ते बारा वर्षे उजाडतात. तोवर चावण्याचे काम त्यांचेच, आणि खालून येणाऱ्या पक्क्या दातांची जागा धरून ठेवण्याचे कामही त्यांचेच. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे, प्रत्येक बाजूला एकेक पक्की दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे घरच्यांना ती आल्याचे कळतच नाही. तिलाही दुधाची समजून सोडून देतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाची ही दाढ पोखरलेली दिसते तेव्हा वाईट वाटते, कारण ती पुढची साठ वर्षे पुरायची असते.

कीड लागते कशी? दातांवरच्या चिकट थरातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळवते. दर वेळी गोड खाल्ले की हा मारा अर्धा तास तरी चालतो, मग लाळ हळूहळू झीज भरून काढते. दिवसातून दोनदा गोड खाल्ले तर लाळेला वेळ मिळतो. दर तासाला बिस्कीट, गोळी, गोड चहा चालू असेल तर तो मिळत नाही. स्वीडनमधील विपेहोल्म येथे १९४५ पासून सुमारे दहा वर्षे चाललेल्या प्रयोगात हे स्पष्ट झाले. तो प्रयोग मतिमंदांच्या संस्थेतल्या रुग्णांवर, त्यांची संमती न घेता केला गेला, आणि त्याबद्दल पुढे कठोर टीकाही झाली. पण त्यातून कळलेली गोष्ट खरी ठरली: जेवणासोबत खाल्लेल्या गोडापेक्षा दोन जेवणांच्या मध्ये वारंवार खाल्लेले चिकट गोड दातांना फार जास्त घातक असते.

आता आपल्या भागाकडे पाहू. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आई विटा थापत असताना मूल शेजारी बसते. त्याला गप्प ठेवायला पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा असतो. तो नासत नाही, शिजवावा लागत नाही, पोट भरल्यासारखे वाटते. दुसरीकडे नेरळ, कर्जत, खोपोलीच्या इमारतींत आईवडील पहाटेची लोकल पकडतात, मूल आजीआजोबांकडे. तिथे झोपताना साखर घातलेल्या दुधाची बाटली, दुपारी चॉकलेट, संध्याकाळी क्रीमचे बिस्कीट. दोन घरांत पैशाचे अंतर मोठे, पण मुलाच्या तोंडातले चित्र पुष्कळदा सारखेच. दोन्हीकडे कमतरता वेळेची आहे. त्यामुळे आईला ‘काळजी घेत नाही’ म्हणून बोल लावणे मला पटत नाही.

जुन्या सवयींचीही नोंद घ्यायला हवी. कडुनिंबाची किंवा करंजाची काडी नीट चावून वापरली तर दात स्वच्छ होतात, पण कवच घट्ट करणारे फ्लोराइड तिच्यात पुरेसे नसते. राखुंडीने दात झिजतात. मशेरी म्हणजे तर भाजलेली तंबाखू. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि मंजनांवर केंद्राने १९९२ मध्ये बंदी घातली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीपर्यंत ती बंदी पोहोचत नाही. आजी सकाळी बोट फिरवते, नात बघून बघून शिकते. दहाव्या वर्षी लागलेली ही सवय पुढे सुटणे अवघड जाते.

सरकारी यंत्रणा काहीच करत नाही, असे नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी होते. तपासायच्या आजारांच्या यादीत दातही आहेत. पथक कीड शोधते, चिठ्ठी लिहून देते. अडते ते त्यानंतर. वाडीवरून तालुक्याला दातांच्या डॉक्टरकडे जायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते, भाडे जाते, आणि तोवर दुखणे थांबलेले असते. चिठ्ठी घरात कुठेतरी खोचलेली राहते.

म्हणून उपचारच शाळेपर्यंत गेले पाहिजेत, आणि ते शक्य आहे. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने फ्लोराइड, ग्लास आयोनोमर सिमेंट आणि सिल्व्हर डायमीन फ्लोराइड यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. यातले शेवटचे औषध दाताला लावले की बहुतेक वेळा कीड थांबते. दात तेवढ्या जागी काळा पडतो, एवढाच तोटा. सिमेंट हातातल्या साध्या अवजारांनी, विजेशिवाय, बाकावर निजवलेल्या मुलाच्या दातात भरता येते. प्रशिक्षित दंतवैद्य वर्षातून दोन दिवस आश्रमशाळेत गेला तरी पुष्कळ दाढा वाचतील. फिलिपिन्सने शाळेतच रोज हात धुणे आणि फ्लोराइड टूथपेस्टने दात घासणे सुरू केले. आपल्याकडे मुले जिथे राहतात त्या आश्रमशाळांत हे रात्रीच्या जेवणानंतर करता येईल. सीबीएसईने मे २०२५ मध्ये शाळांत ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले. उपक्रम चांगला, पण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकणाऱ्या मुलापर्यंत तो आपोआप जात नाही.

घरी काय करावे? दात दोनदा घासावेत. एकदाच जमत असेल तर रात्री, आणि त्यानंतर पाण्याखेरीज काही नको. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे मटारएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते. मटारएवढी म्हणजे साधारण पाव ग्रॅम. या हिशेबाने पन्नास ग्रॅमची ट्यूब एका मुलाला तीन महिने जाते. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनी फिरवावा, मुलाच्या हाताला तोवर ते वळण नसते. वर्षाच्या मुलाला रात्रीची बाटली नको. गोड द्यायचेच तर जेवणासोबत द्या. महिन्यातून एकदा ओठ वर करून उजेडात पाहा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती सुरुवात असते आणि नीट घासल्याने ती थांबू शकते. तपकिरी खड्डा दिसला तर दंतवैद्य गाठा. गाल सुजून ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालयात या.

त्या मुलीची एक दाढ काढावी लागली, दुसरी भरता आली. महिन्याभराने आजी तिला घेऊन आली तेव्हा ती दोन्ही बाजूंनी चावत होती. मी पुन्हा बॅटरी मारली. मागे पक्की दाढ नुकतीच डोके वर काढत होती, अजून पांढरीशुभ्र. मी ती आजीला दाखवली आणि सांगितले, ही पडणारी नाही, हिला सांभाळा.