समुद्र कुठे, पाचोड कुठे!

डिसेंबर 2004 मध्ये त्सुनामीच्या बातम्यांनी वर्तमानपत्रे भरलेली असताना पाचोडच्या मोसंबी बाजारातले एक आडतदार मला म्हणाले होते, "साहेब, समुद्र कुठे अन् पाचोड कुठे! आपल्याला काय त्याचं?" मी तेव्हा इथल्या बँकेत होतो. त्यांचा थोरला मुलगा मुंबईत वर्सोव्याला राहतो, हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानात आले नाही आणि माझ्याही.

मुंबईला हा धोका नवा नाही. 28 नोव्हेंबर 1945 च्या पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ समुद्राखाली मोठा भूकंप झाला आणि काही तासांनी सकाळी त्याची लाट मुंबईला पोहोचली. सुमारे 15 माणसे वाहून गेल्याची नोंद आहे. मधले ते तास कुणाच्याच उपयोगी पडले नाहीत. 2004 मध्येही सुमात्राच्या भूकंपानंतर तामिळनाडूच्या हाती सुमारे दोन तास होते. तरीही देशात दहा हजारांवर बळी गेले.

भूशास्त्रज्ञांचे काम नेमके या मधल्या वेळेत असते. भूकंप कधी होणार, हे त्यांना सांगता येत नाही. पण भूकंपाच्या लहरी त्सुनामीच्या लाटेपेक्षा कितीतरी वेगाने धावतात. त्यांच्यावरून भूकंपाची जागा, खोली आणि ताकद काही मिनिटांत कळते. पुढे सागरतळावरचे दाबमापक आणि किनाऱ्यावरचे भरतीमापक लाट खरोखर उठली की नाही, याची खात्री करतात. आपल्याकडे हे केंद्र 2007 पासून हैदराबादला चालते. म्हणजे समुद्रावरची पहाऱ्याची चौकी आपल्यासारखीच दख्खनच्या पठारावर, समुद्रापासून दूर!

30 जुलै 2025 रोजी रशियाच्या कामचात्का किनाऱ्याजवळ 8.8 क्षमतेचा भूकंप झाला. जपानमध्ये सुमारे वीस लाख लोकांना उंचावर जाण्यास सांगण्यात आले. तिथे लाटा लहानच निघाल्या. आपल्याकडे असे झाले असते, तर 'उगाच घाबरवले' म्हणून शास्त्रज्ञांनाच बोल लावला गेला असता. पण बँकेची तिजोरी रात्री फुटली नाही, म्हणून सकाळी कोणी पहारेकऱ्याचा पगार कापत नाही.

मराठवाड्याला तर ही गोष्ट अधिक कळायला हवी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी कोसळली. आदल्या वर्षी, 1992 मध्ये, त्याच परिसरात धक्के बसले होते. त्यावरून मोठ्या भूकंपाचे भाकीत करता आले नसते, हे खरे. पण माणसे मुख्यत्वे जमिनीच्या हादऱ्याने मेली नाहीत. जड दगडमातीच्या भिंती आणि माळवदे अंगावर आल्याने ती मेली. तिथे दोन तास नव्हते, दोन मिनिटेही नव्हती. जिथे इशाऱ्याला वेळच नाही, तिथे भक्कम घर हाच इशारा.

शास्त्रज्ञ हैदराबादहून इशारा देईल. तो किनाऱ्यावरच्या शेवटच्या घरापर्यंत नेणे प्रशासनाचे काम. पण ऐकल्यावर कुठे धावायचे, हे घराघरात आधीच ठरलेले हवे. किनाऱ्यावर जोराचा धक्का जाणवला किंवा पाणी एकाएकी आत ओढले गेले, तर भोंग्याचीही वाट न पाहता उंचावर जायचे आणि शासनाने सांगेपर्यंत खाली उतरायचे नाही.

पाचोडची मोसंबी मुंबईला जाते, तशी पाचोडची मुलेही जातात. आज रविवार आहे. त्यांना फोन कराल, तेव्हा एवढे जरूर सांगा.